नववं कडवं

३ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

ग्रंथालयाच्या शिडीवरून पडून पाय मोडून घेणारा माणूस आमच्याच घरात निघावा, याचं मला नवल वाटत नाही. लहानपणी कोंबडी अंगावर आली तरी पळत सुटायचास. आता दीड महिना प्लास्टर म्हणजे ससोबाचं पळणं बंद. पुस्तकं बांधायला पाय लागत नाहीत, हात शाबूत आहेत, तेव्हा फार कण्हू नकोस. डॉक्टरांनी सांगितलेलं दूध मात्र घेत जा.

आता खरी बातमी. यंदा पीक असं आलंय की खळ्यावर पाय ठेवायला जागा नाही. सुगीचा सण ११ ऑक्टोबरला येतोय आणि सव्वीस वर्षांनी आपलं अंगणातलं धान्याचं पेव उघडणार आहे! गेल्या वर्षी मी अप्पांच्या मागे लागून तो रिकामा खोल खड्डा मजुरांकडून साफ करून घेतला, आतून शेणामातीनं लिंपला, अर्ध्यापर्यंत धान्य भरलं आणि तोंडावर शिळा बसवून चिखलानं बंद केला. तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं, कारण तू काय म्हणशील ते ठाऊक होतं. ज्याच्या हाती शेत जायचं त्यानं सणाच्या दिवशी पेवात उतरायचं, पहिली पाटी वर आणायची आणि जुन्या दाण्यात नवा दाणा मिसळायचा, ही आपल्या घराण्याची रीत. शेत आता मी बघते. तेव्हा मी उतरणार. घराण्यातली पहिली बाई, हे लक्षात घे.

गावाला सणाची माहिती लिहून हवी आहे. पंचांनी छोटी पुस्तिका काढायची ठरवलीय. एवढ्या पुस्तकांत तू राहतोस, तर सण कधीपासून, का, कसा, हे चार पानांत लिहून पाठव. तुझा पाय आडवा आहे, लेखणी तर उभी आहे ना?

अप्पा म्हणतात, तब्येत जप. ते यापलीकडे काही म्हणत नाहीत, हे तुला माहीतच आहे.

तुझ्या पत्राची वाट पाहणारी,
तुझी ताई

*

१० सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि हातातली सुई बोटात शिरली. हे मी गमतीनं लिहीत नाही. रक्ताचा डाग एका जुन्या पानावर पडला आणि मला साहेबांची बोलणी खावी लागली.

ताई, तू पेवात उतरू नकोस. काका तिथेच गेले. तू तेव्हा मावशीकडे शिकायला होतीस, तू पाहिलं नाहीस. मी नऊ वर्षांचा होतो आणि काठावर होतो. अर्ध्या शिडीवर ते वर बघून काहीतरी बोलायला लागले होते. मग त्यांचे हात शिडीवरून सुटले. दोरानं ओढून त्यांना वर काढलं तेव्हा त्यांच्या मिशांत धान्याचे दाणे अडकले होते. आजही मी कुठल्याही तळघरात उतरत नाही. ग्रंथालयाच्या तळघरातली पुस्तकं मी शिपायाकडून वर मागवतो. लोकांना वाटतं मी आळशी आहे.

सणाबद्दल दोन जुनी पुस्तकं चाळली. शेतीवर जगणाऱ्या बहुतेक मुलखांत पीक घरात आलं की असा एखादा दिवस असतो. कुठे शेवटची पेंढी सजवून घरात टांगतात, कुठे पहिला घास गुरांना देतात, कुठे रात्रभर शेकोटीभोवती नाचतात. पण पेवाचा दिवा आणि त्याचं गाणं मला कुठेच सापडलं नाही. ते आपल्याकडचंच दिसतं. आत्याला विचार. तिचं वय चौऱ्याऐंशी असलं तरी तिची आठवण आपल्या दोघांपेक्षा ताजी आहे. पूर्वी नेमकं काय काय करत, ते एक एक करून विचार आणि जसंच्या तसं लिहून पाठव.

आणि उतरण्याचा हट्ट सोड. तुझ्या पाया पडतो. सध्या मला एकच पाय आहे, पण त्यावरही पडता येतं.

तुझा,
भाऊ

*

१८ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं. काकांचा भाग आला तसे ते उठून गोठ्यात गेले आणि थेट जेवायच्या वेळीच परत आले. मला वाईट वाटलं. पण भाऊ, काकांचं हृदय कमजोर होतं असं डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. गावातली माणसं म्हणतात पेवानं घेतलं. तू शिकलासवरलास, तूही तेच म्हणणार का?

आत्यापाशी दोन दुपारी बसले. तिच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा येत होता, इतकं ते जुनं आहे. तिच्या लहानपणी शिळा सणाच्या दिवशी नाही, तीन दिवस आधी काढायचे. त्याला ‘पेवाला वारा देणं’ म्हणायचे. शेवटची पेंढी दोराला बांधून पेवात सोडायची आणि सकाळ-संध्याकाळ खालीवर, खालीवर करायची. सणाच्या दिवशी घरातलं लहान मूल दोराला दिवा बांधून तळापर्यंत सोडायचं. दिवा खाली असेपर्यंत बायका गाणं म्हणायच्या, अकरा कडवी, सावकाश. मग दिवा वर यायचा आणि धनी उतरायचा.

पुढे पाहुणे वाढले. शिळा त्यांच्यादेखत काढली की कोंडलेल्या धान्याचा असा वास सुटतो की लोक वा वा करतात, म्हणून ती सणाच्या दिवशीच काढू लागले. पेंढी नुसती तोंडावरून ओवाळायचे. दिवा हातभर सोडायचे, नावापुरता. गाण्याचं एक कडवं उरलं आहे. दिवा विझला तर वर्ष वाईट जातं असं मानतात, त्यामुळे दिवा धरणाऱ्या मुलाला सगळे दम देऊन ठेवायचे. काकांच्या वेळी दिवा तूच धरला होतास ना? आत्या सांगत होती, नवा सदरा घालून कसा ऐटीत उभा होतास.

आत्यानं दहा कडवी म्हणून दाखवली. नववं म्हणेना. सणाच्या तोंडावर अभद्र बोलू नये म्हणून तिच्या आईच्या वेळीच ते गाळलं, एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवून बसली. म्हातारी हट्टाला पेटली की कुणाचं ऐकत नाही, हे मी वेगळं सांगायला नको.

पुस्तिकेचं घे मनावर. अप्पा म्हणतात, तब्येत जप.

तुझी ताई

*

२६ सप्टेंबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

घाईत लिहितो आहे. आमच्या गल्लीच्या टोकाला धान्याचं मोठं कोठार आहे. तिथला मुकादम मला रोज कुबड्यांवर जाताना पाहतो, त्याला मी तुझं पत्र वाचून दाखवलं. तो हसला नाही. कोंडलेलं धान्य आतली चांगली हवा खाऊन टाकतं आणि जड, घाणेरडी हवा तळाशी साचते, असं त्यानं सांगितलं. तिला वास नसतो, रंग नसतो. त्यांच्या कोठारात दारं उघडून वारा खेळवल्याशिवाय कुणाला आत सोडत नाहीत. दोन दमांत माणूस कोसळतो, तिसरा घ्यायला उरत नाही.

म्हणजे आत्या सांगते ते सगळं शोभेचं नव्हतं, ताई. तीन दिवस आधी शिळा काढणं, पेंढी खालीवर करणं, यातल्या एकेका गोष्टीला कारण होतं. शिळा ८ तारखेलाच काढा. पेंढी हलवा. एवढं झाल्याशिवाय पेवाच्या काठावरही जाऊ नकोस. पंचांना माझं पत्र दाखव.

मला झोप लागत नाही. उलट टपाली लिही.

तुझा,
भाऊ

*

३ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पंचांसमोर ठेवलं. खोटं कशाला बोलू, मीही ते आधी दोनदा वाचलं होतं. पण मग पंचांतल्या शिंपीदादांनी एक प्रश्न विचारला. त्यांचं म्हणणं असं की वाईट हवेत दिवा जळत नाही, हे तर विहीर खणणाराही सांगेल. काकांच्या वेळी दिवा जळत होता. सगळ्या गावानं तो पेटलेला वर आलेला पाहिला. तूच धरला होतास. मग हवा वाईट कशी? तुझ्यापाशी याचं उत्तर आहे का?

तेव्हा ठरलंय ते ठरलंय. शिळा सणाच्या सकाळीच निघेल, पाहुण्यांना तसं कळवून झालं आहे. यंदा दिव्याची धास्तीही नको म्हणून शिंपीदादांनी बॅटरीचा दिवा आणलाय. वारा येवो, काही होवो, विझायची भानगडच नाही. सगळे खूश आहेत.

एक सांगते, कुणाला बोलू नकोस. मलाही भीती वाटते. परवा शिडी घासून ठेवली आणि सहज मधल्या पायरीवर हात गेला तर तो झटकन मागे घेतला. पण आता मागे फिरले तर उद्या मजूरसुद्धा म्हणतील की बाईमाणूस, घाबरली. वीस वर्षं या शेतात राबून मी एवढी पत कमावली आहे. अप्पा काल एकदम म्हणाले, तू राहू दे, मीच उतरतो. त्यांच्या गुडघ्यांनी त्यांना ओटा चढवत नाही. मी साफ नाही म्हटलं. ते म्हणाले, त्यांचंच जायचं राहिलं आहे. मला त्यांचं बोलणं कळलं नाही आणि आवडलंही नाही.

तुझ्याकडे खरंच काही कारण असेल तर लिही. नसेल तर भाऊ, मला आता घाबरवू नकोस. आणखी भीती ठेवायला माझ्यात जागा नाही.

तुझी ताई

*

७ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आताच तार केली आहे. तारेत एवढंच मावलं की उतरू नका, पत्र येतंय. हे पत्र तुझ्या हाती वेळेवर पडो, एवढंच मागणं आहे. पोस्टापर्यंत कुबड्यांवर जाणार आहे, कुणावर विसंबणार नाही.

शिंपीदादांच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर आहे. सव्वीस वर्षं आहे. दिवा विझला होता.

मला हातभरच दोर सोडायला सांगितलं होतं. पण दोर लांब होता आणि मला खालचं धान्य बघायचं होतं. बायका गात होत्या, सगळे त्यांच्याकडे बघत होते. मी दोर सोडत गेलो. दिवा पुरुषभर खाली गेला असेल नसेल, कुणी चिमटीत धरून मालवावा तसा गेला. वारा नव्हता. धक्का लागला नव्हता. दिवा विझला तर वर्ष वाईट जाईल, आणि ते तुझ्यामुळे जाईल, असं आत्यानं सकाळपासून चारदा बजावलं होतं. मी दोर भराभर वर ओढला. उंबऱ्यावरच्या समईवर दिवा पुन्हा लावला आणि काठाशी येऊन उभा राहिलो. काकांनी विचारलं, काय रे, जळतोय ना? मी मान हलवली. त्यांनी माझ्या गालाला चिमटा काढला आणि ते उतरले.

ताई, मी काही बोललो नाही. तेव्हा नाही, नंतरही नाही. आधी वाटायचं, माझ्या हातून दिवा विझला म्हणून देवानं काकांना नेलं. मग मोठा झालो, देवाचं सोडलं, तरी सांगायचं धाडस झालं नाही. सणाला मी कधी घरी का येत नाही हे तू दर वर्षी विचारतेस आणि मी दर वर्षी कामाचं निमित्त सांगतो. मुकादम बोलत होता तेव्हा माझ्या कानात नुसतं गाणं वाजत होतं. दिवा मला सांगत होता आणि मी त्याचं तोंड बंद केलं. मागच्या पत्रातही मी मुकादमाच्या आडून बोललो, खरं लिहिलं नाही. तेवढ्यानं भागेल असं वाटलं होतं.

तो बॅटरीचा दिवा फेकून दे. साधा दिवा लाव आणि तळापर्यंत सोड. विझला तर कुणालाही उतरू देऊ नकोस. तू नाही, अप्पा नाहीत, कुणी नाही. अप्पांना हे वाचून दाखवायचं की नाही ते तू ठरव. काका त्यांचे पाठचे भाऊ होते. त्यांनी मला पुन्हा दारात उभं केलं नाही तरी चालेल. तुम्ही दोघं जिवंत राहा.

तुझा अपराधी,
भाऊ

*

१२ ऑक्टोबर

चि. भाऊस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आधी हे वाच. आम्ही दोघंही धडधाकट आहोत. आता बस आणि पुढचं वाच.

तार ८ तारखेला आली. अप्पांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि जाहीर केलं की पेवात तेच उतरणार. भांडण झालं. मी शिडी लपवली, त्यांनी ती शोधून काढली. तुझं पत्र मात्र सणाच्या सकाळी आलं. पोस्टमन जेवायलाच यायचा होता, येताना टपाल घेऊन आला. शिळा निघाली होती. अंगणात तीनशे माणसं, वासानं सगळे वा वा करत होते, आणि अप्पा शेला बांधावा तसा दोर कमरेला गुंडाळत होते. मी कोठीच्या खोलीत जाऊन पत्र फोडलं. पहिलं पान उभ्यानंच वाचलं. पोत्यावर बसूनच उरलेलं वाचलं.

बाहेर आले आणि कुणाला काही न सांगता समईवरून दिवा लावला. शिंपीदादा म्हणाले, बॅटरीचा आहे की. मी त्यांना बाजूला केलं. दोर सोडला. एक पुरुष झाला नाही तोच दिवा गेला. अगदी तू लिहिलंस तसा. मी तो वर ओढला, पुन्हा लावला, पुन्हा सोडला. तिथेच गेला. तिसऱ्यांदाही तिथेच. भाऊ, दर वेळी त्याच जागी. चौथ्यांदा लावायला मी समईकडे वळले.

तेव्हा आत्या खुर्चीतून गायला लागली. एकटी. आवाज फाटलेला, पण शब्द स्वच्छ.

दिवा गेला खाली, दिवा आला विझून,
काठावर बस गड्या, उतरू नको अजून.
पेंढी हलव, वारा घाल, तीन दिवस थांब,
तळी दिवा जळो, मग सोड शिडी लांब.

हेच नववं कडवं. अभद्र म्हणून गाळलेलं. म्हणून झाल्यावर ती पदरात तोंड घालून रडली. तिच्या आईनं गाळलं तेव्हा ती सात वर्षांची होती, तिलाही कधी अर्थ उमगला नव्हता. शिंपीदादांनी बॅटरीचा दिवा कोटाच्या आत लपवला, ते पाहून मला त्या तशा वेळीही हसू आलं.

पाहुणे जेवून गेले. पेंढी आजपासून खालीवर करतोय, गावातली माणसं पाळीपाळीनं येतायत. १४ तारखेला दिवा तळाला जळला तर मी उतरेन. जळला नाही तर आणखी थांबू. पुस्तिकेत अकराच्या अकरा कडवी येतील, तू फक्त शुद्धलेखन बघ.

तुझं पत्र मी अप्पांना वाचून दाखवलं नाही. त्यांनी माझ्या हातातून घेतलं आणि चष्मा लावून स्वतः वाचलं. दोनदा. मग माझ्याकडे दौत मागितली. गेल्या सव्वीस वर्षांत त्यांनी कुणाला पत्र लिहिलेलं मला आठवत नाही. त्यांचं वेगळं पाकीट येईल, तोवर धीर धर. तुला मी काय लिहू? तू नऊ वर्षांचा होतास रे.

तुझीच,
ताई

*

१४ ऑक्टोबर

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

मला पत्र लिहिता येत नाही. तरी लिहितो.

आज सकाळी दिवा तळाला जळला. अकरा कडवी होईपर्यंत जळत राहिला. तुझी ताई उतरली. मी दोर धरला होता. ती पाटी घेऊन वर आली तेव्हा मला दोर सोडता येईना, बोटं आखडली होती. तिनं ती एक एक करून सोडवली. धान्य उत्तम राहिलं आहे.

आता तुझं. तू समईवर दिवा लावलास तेव्हा मी समोर होतो. तेव्हाही उतरणाऱ्याचा दोर माझ्याच हातात होता. मी पाहिलं होतं. मला वाटलं, पोराच्या हातून दिवा विझला, आता आत्या त्याला बोलेल, तो सणाच्या दिवशी रडेल. म्हणून गप्प राहिलो. मी हसलोसुद्धा. मग माझ्या जागी भावाला खाली सोडला.

डॉक्टरनं हृदयाचं सांगितलं ते मी धरून ठेवलं. पण पेव बंद केलं. तू सणाला यायचा बंद झालास तेव्हा वाटलं, तू मला त्यासाठी माफ करत नाहीस. विचारायचा धीर झाला नाही. यंदा वाटलं, माझं जायचं राहिलं आहे ते जाऊन यावं. तुझ्या पत्रामुळे ते टळलं. तू नऊ वर्षांचा होतास, मी चाळीसचा. यापुढे त्या दिवसाचा हिशेब माझ्याकडे, तुझ्याकडे काही नाही.

पाय बरा झाला की ये. पुढच्या सणाला दिवा तूच धर. दोर सगळा सोड. विझला तर मोठ्यानं ओरडून सांग.

तब्येत जप.

तुझे,
अप्पा